सांगितलेली खोड

योसेफ भिंगारदिवे डॉक्टर नव्हते. सरकारी गुरांच्या दवाखान्यात ते स्टॉकमन म्हणून लागले आणि तीस वर्षांनी, एकाहत्तर साली, जवळपास त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. पदवी घेतलेले डॉक्टर बदलून येत, दोन-तीन वर्षे राहत आणि बदलून जात. त्यांना लोक ‘साहेब’ म्हणत. कोल्हारच्या आसपास, प्रवरेच्या दोन्ही काठांवर, ‘डाक्टर’ म्हटले की ते भिंगारदिवेच.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाचा त्या भागातला बातमीदार होतो. कोल्हारच्या बसस्टँडसमोर उस्मान मिस्त्रीचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत मी राहत असे. दुपारी साडेतीनच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे बातम्यांचे पाकीट दिले की माझे काम संपे. डॉक्टर सायकलच्या चाकांत हवा भरायला गॅरेजात येत. ओळख तिथली.

उंची बेताची, अंग सडसडीत. पांढरा सदरा, खाकी विजार, घोट्याशी सायकलच्या चिमट्या आणि डोक्यावर करड्या रंगाची फेल्ट हॅट. सायकलच्या दांडीला कॅनव्हासची पिशवी. उजव्या गुडघ्यात कायमची कळ होती. तो गुडघा एका म्हशीच्या लाथेने गेला होता. कोणत्या गावची म्हैस, कोणाची, सकाळ होती की दुपार, हे सगळे ते सांगत. राग मात्र नव्हता. “तिची चूक न्हाई. मी मागून गेल्तो.”

गोठ्यात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न एकच असे: “नाव काय?” नवख्या माणसाची इथे चूक होई. एकाने घाईघाईत स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव सांगितले. डॉक्टर म्हणाले, “तुमाला काय झालंय? मी गाईचं इचारतो.” मग गाईला तिच्या नावाने हाक मारायची, ती कान हलवते का बघायचे आणि त्यानंतर हात लावायचा. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही.

आजारी जनावरांच्या इलाजापेक्षाही त्यांचे नाव झाले होते ते बैलांच्या खरेदीसाठी. घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायचा तर डॉक्टरांना बरोबर न्यायचे, अशी रीत आसपासच्या गावांत पडली होती. ते बैलाला चालायला लावत आणि त्याच्या मागून, दहा पावले सोडून, चालत. पुढून कधी पाहत नसत. “पुढून समदेच बैल चांगले दिसत्यात.” मग हात धुवायचे आणि एक वाक्य बोलायचे. घ्या, किंवा घेऊ नका. त्याआधी विकणाऱ्याचा चहा घ्यायचा नाही. “च्या पोटात गेला की खोड गोड लागती.”

एकदा मी त्यांच्याबरोबर घोडेगावला गेलो होतो. एक देखणा पांढरा बैल होता. मालक त्याला गाडीला जुंपून पुन्हा पुन्हा चालवून दाखवत होता. बैल खुशीने चालत होता. डॉक्टरांनी मालकाला विचारले, “गाव कुठल्या अंगाला?” मालकाने उत्तरेकडे हात केला. “मग आता दक्षिनेला चालवा.” बैल दक्षिणेकडे वीस पावले गेला आणि जू मानेवर असताना खाली बसला. डॉक्टर मालकाला म्हणाले, “बसका हाय हे सांगून इकायचा हुता. कुनीतरी घेतला असता. घराकडं जायाला कुनालाबी बैल लागतोच की.” मालकही हसला.

त्या बाजाराची एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. प्रामाणिक विकणारा जनावराच्या खोडी स्वतः सांगतो. मारका असेल तर मारका, लाथरी असेल तर लाथरी. ज्याला घ्यायचे नाही त्याने मध्येच “पुढं सांगू नका” म्हणायचे आणि निघून जायचे. जो शेवटपर्यंत थांबतो आणि “ऐकली” म्हणतो, त्याने जनावर घेतले असे ठरते. त्यानंतर आठ दिवस असतात. त्या आठ दिवसांत न सांगितलेली एखादी खोड निघाली तर जनावर परत करता येते. सांगितलेल्या खोडीबद्दल तक्रार चालत नाही.

बेलापूरच्या एका व्यापाऱ्याने एका बाईकडून गाय घेतली होती. माझ्याखेरीज ही कोणाला धार काढू देत नाही, असे बाईने सांगितले होते. व्यापारी “ऐकली” म्हणाला होता. चौथ्या दिवशी तो चेपलेली चरवी घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा राहिला.

“खोड सांगितली हुती का?”

“सांगितली हुती.”

“सांगितली नव्हती तवर खोड तिची. तुमी ऐकली म्हनला, तवापासून तुमची.”

“मग म्या करू काय?”

“त्या बाईचं जुनं लुगडं मागून आना. पांघरा आन् बसा धारंला.”

व्यापारी चिडून गेला. पण लुगडे त्याने आणले. पुढे मी बेलापूरला बातमीसाठी गेलो तेव्हा तो सकाळी हिरवे लुगडे डोक्यावरून घेऊन धार काढताना मला दिसला. गाय शांत होती.

कोल्हारपासून तीन मैलांवर, नदीच्या अंगाला, एका निवृत्त मेजरांची मोसंबीची बाग होती. मेजर कूर्गचे. नगरच्या छावणीत नोकरी झाली, निवृत्तीनंतर इथेच जमीन घेतली, पत्नी इथेच वारली. बहात्तरच्या सुरुवातीला त्यांनी गावी परत जायचे ठरवले. बाग विकली, दोन घोड्या विकल्या. जाण्याआधी एका घोडीचा खूर दाखवण्यासाठी त्यांनी डॉक्टरांना बोलावले. मला बागेच्या विक्रीची बातमी हवी होती, म्हणून मीही गेलो.

खुराचे काम झाले. हात धुताना डॉक्टरांचे लक्ष शेडकडे गेले. तिथे ताडपत्रीखाली काहीतरी होते. मेजरांनी ताडपत्री ओढली. दोन सीटांची, उघड्या टपाची, गर्द हिरवी मोटार. पुढचा भाग लांब, मागचा आखूड, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. रस्त्यावरून ती जाताना आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. त्याहून अधिक वेळा रस्त्याकडेला उभी पाहिली होती.

डॉक्टरांनी विचारले, “इकनार का?”

मेजर म्हणाले, “बेचनी तो है. लेकिन डॉक्टरसाब, आपसे झूठ नहीं बोलूँगा.” आणि ते बोटे मोजत सांगू लागले. हवा दमट असेल तर गाडी सुरू होत नाही. तासभर चालली की पाणी उकळते. दुसरा गिअर सुटतो, तो हाताने धरून ठेवावा लागतो. दिवे आपोआप जातात आणि आपोआप येतात. पेट्रोलचा पंप मध्येच बंद पडतो. त्याला पान्याने ठोकायचे, आणि तेवढ्याने नाही भागले तर वाट पाहायची. सहावी गोष्ट, सुटे भाग मुंबईतही मिळत नाहीत. विलायतेहून मागवले तर दुसऱ्याच गाडीचे येतात.

“ये गाडी आपको छोड देगी,” मेजर म्हणाले. “कहाँ छोडेगी, पहले से नहीं बताती.”

या सबंध वेळात डॉक्टर हॅट हातात घेऊन उभे होते. मेजरांचे संपले. डॉक्टर म्हणाले, “ऐकली.”

मेजरांचा माळी किसन आळे खणत होता. त्याने कुदळ खाली ठेवली. “डाक्टर, ऐकली म्हनला तुमी?”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. शब्द तोंडातून गेला होता आणि दोन साक्षीदार होते. “व्हय,” ते म्हणाले.

“क्या बोला?” मेजरांनी विचारले.

“साब, गाडी गई आपकी,” किसन म्हणाला.

तो शब्द सवयीने निसटला की त्यांना तो म्हणायचाच होता, हे मी पुढे त्यांना विचारले. ते म्हणाले, “बातमीदार, मलाबी तेच बघायचंय. आठ दिवस हायेत.”

प्रश्न साधा नव्हता. नगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना सायकल बंद करायला सांगितले होते. सायकल बंद म्हणजे लांबच्या वस्त्यांवर जाणे बंद, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तेवढेच काम उरले होते. वाहन हवे होते आणि एकच घेता येणार होते. ऊस-वाहतुकीच्या एका ठेकेदाराची जुनी जीप विकायला होती. उस्मानने ती स्वतः पाहिली होती. “दिसायला म्हातारी हाय, पन कुठं बसत न्हाई,” असे त्याचे मत होते. ठेकेदार रविवारपर्यंत थांबायला तयार होता, आणि तोवर मोटारीची न सांगितलेली एखादी खोड निघाली तर ती परत करता येणार होती. म्हणजे निवड एका चालणाऱ्या जीपमध्ये आणि एका न चालणाऱ्या मोटारीत होती, आणि निवडणारा माणूस असा, की ज्याच्या एका शब्दावर तालुक्यातले बैल घेतले जात होते.

मेजरांनी गाडी आठ दिवसांसाठी स्वतः आणून दिली. बसस्टँडवर गर्दी जमली.

“डाक्टर, दोनच सीटा? बैल कुठं बसवनार?”

“टप कुठं गेला?”

“उन्हात वितळला आसंल.”

उस्मानने बॉनेट उघडले, वाकून बराच वेळ पाहिले आणि बंद केले. “मोटार न्हाई ही, लग्नातली करवली हाय. नटून आलीय, आन् कधी रुसंल त्याचा नेम न्हाई.”

“तू तिला नीट करशील का?”

“करीन की. पन रोज करावं लागंल.”

डॉक्टरांच्या पत्नी सुमतीबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. बोलणे मोजके, उच्चार स्वच्छ. गाडी अंगणात आली तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“हिला खोडी किती?”

“सहा.”

“सगळ्या सांगितल्या?”

“समद्या सांगितल्या.”

“मला बघायला आलात तेव्हा माझ्या वडिलांनी किती सांगितल्या होत्या?”

“एकबी न्हाई.”

“मग मेजरसाहेब भले माणूस दिसतात,” असे म्हणून त्यांनी पुढची वही उघडली. घ्या की घेऊ नका, हे त्यांनी सांगितले नाही. नंतरही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला घेऊन बाभळेश्वरपर्यंत गेले. खात्याची जीप त्यांनी पूर्वी चालवलेली होती, त्यामुळे हात सराईत होता. दुसरा गिअर ते डाव्या हाताने धरून ठेवत. मोसंबीच्या बागा फुलल्या होत्या आणि उघड्या गाडीत तो वास अंगावर येत होता. वाटेत वाऱ्याने त्यांची हॅट उडाली. मी ओरडून सांगितले. त्यांनी मान हलवली, पण गाडी थांबवली नाही. हा माणूस सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून पिशवीत ठेवणारा होता. परत येताना हॅट शोधली. ती सापडली नाही. घरी पोचेपर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही. चेहऱ्यावरून मला काही ठरवता आले नाही, म्हणून तसे लिहीत नाही. एवढेच की उतरल्यावर ते गाडीच्या मागे दहा पावलांवर जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भागूबाईचा दीर सायकलवर आला. भागूबाई पुलापलीकडच्या एका वस्तीवर राहणारी शेतकरी बाई. तिची गाय पहाटेपासून विण्याला अडली होती. अंगणात डॉक्टरांची सायकल होती आणि मोटार होती. मी तिथे होतो. त्यांनी दोन्हींकडे पाहिले. वस्ती चार मैलांवर. सायकलने त्यांना चाळीस मिनिटे लागत, मोटारीने दहा लागली असती. गाय अडलेली होती. त्यांनी मोटार काढली. दिराला शेजारी बसवले, त्याची सायकल आमच्याकडेच राहिली.

पुढचे मी पाहिलेले नाही. डॉक्टरांनी आणि दिराने ते मला स्वतंत्रपणे सांगितले आणि दोघांचे जुळते. पूल ओलांडल्यावर अर्ध्या मैलाने गाडी थांबली. पंप. डॉक्टरांनी पान्याने ठोकले. थांबले. पुन्हा ठोकले. या गाडीत वाट पाहिली की ती सुरू होते, हे सांगितलेले होते, म्हणून त्यांनी वाट पाहिली. पाऊण तासाने ती सुरू होणार नाही असे त्यांनी धरले आणि पिशवी खांद्याला लावून निघाले. रस्त्याला त्या वेळी दुसरे वाहन आले नाही. दीर पुढे पळाला, पण त्याच्या एकट्याच्या जाण्याने काही होणार नव्हते. गुडघ्यामुळे उरलेल्या दोन मैलांना डॉक्टरांना तास लागला. ते पोचले तेव्हा गाय आडवी झाली होती. त्यांनी तिला नावाने हाक मारली. वासरू जिवंत काढले. गाय अर्ध्या तासाने मेली.

भागूबाई रडत होती, पण तिने बोल लावला नाही. डॉक्टर हात धूत होते. ती म्हणाली, “डाक्टर, तुमच्या हातात काय हुतं?”

“किल्ली हुती,” डॉक्टर म्हणाले.

वेळेवर पोचले असते तर गाय वाचली असती का, हे मी नंतर दवाखान्याच्या साहेबांना विचारले. त्यांचे उत्तर मी वहीत लिहून ठेवले होते: सांगता येत नाही, अशा गायी वेळेवर पोचूनही जातात. ते मी डॉक्टरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “साहेबाचं बरुबर हाय. पन साहेब तिथं नव्हतं.”

संध्याकाळी उस्मानने टेम्पोला बांधून गाडी गॅरेजात आणली. पंपाला हात लावताच ती सुरू झाली. उस्मानने ती रागाने बंद केली.

“परत द्या ही. आजच द्या.”

“कशी देऊ? पंपाची खोड सांगितलेली हुती. पाचवी.”

“आवो, पन गाय मेली!”

“त्येच सांगतो, उस्मान. खोड मी ऐकली हुती. गाईनं कुठं ऐकली हुती?”

उस्मानने हातातला पाना खाली टाकला. मी तीस वर्षांत या वाक्याला उत्तर शोधू शकलो नाही. त्यांचा सगळा हिशोब, सांगितली तर घेणाऱ्याची, न सांगितली तर देणाऱ्याची, त्या दिवशी एका तिसऱ्या ठिकाणी येऊन अडला होता.

उस्मान मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. सातव्या दिवशी तो गाडी घेऊन दोन चकरा मारून आला आणि दुरूनच ओरडत आला, “सातवी! सातवी सापडली!” उजवीकडे जोरात वळवली की डाव्या बाजूचे दार आपोआप उघडत होते. मेजरांनी दाराबद्दल काहीच सांगितले नव्हते. न सांगितलेली खोड, आठ दिवसांच्या आत. गाडी मानाने परत करता येत होती. जीप अजून विकली गेली नव्हती.

आम्ही तिघे बागेत गेलो. गाडी उस्मान चालवत होता आणि डॉक्टर दार धरून बसले होते. मी सायकलवर मागून गेलो. मेजरांनी दार दोनदा उघडझाप करून पाहिले.

“मुझे मालूम नहीं था,” ते म्हणाले. दार लावून म्हणाले, “उस तरफ कोई बैठता नहीं था.” पत्नी गेल्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. मग त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. “वापस रख लीजिए, डॉक्टरसाब. मैं बुरा नहीं मानूँगा.”

उस्मानने डॉक्टरांच्या हातात किल्ली दिली. त्यांनी ती पुढे केली नाही.

“सातवीबी ऐकली,” ते म्हणाले.

उस्मानला राग आवरेना. “डाक्टर, असला बैल तुमी दुसऱ्याला घेऊ दिला असता का?”

“न्हाई.”

“ह्यो बातमीदार घ्यायला आला असता, तर?”

“त्याला तर वेशीतूनच माघारी लावला असता.”

“मग तुमाला काय झालंय?”

डॉक्टर म्हणाले, “दुसऱ्यानं इचारलं तर आजबी म्हनेन, घेऊ नका. पन मला इचारतोस म्हनून सांगतो. मला ही गाडी पायजे, उस्मान.”

दोन वर्षांच्या ओळखीत ‘मला पायजे’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून तेवढेच एकदा ऐकले.

“आन् जीप?”

“जीप दुसऱ्या कुनाला दे.”

“इलाजाला कशात जानार? ह्याच्यात?”

“ही इलाजाला न्यायची न्हाई. कंदीच न्हाई. इलाजाला सायकल हाय.”

“आन् गुडघा?”

“गुडघा माझा हाय. तो कुना गाईचा न्हाई.”

मेजर चार दिवसांनी गेले. डॉक्टरांनी ठरवले तसेच केले. भागूबाईच्या वासराला पाजण्यासाठी त्यांनी शेजारच्या वस्तीवरची दुसरी ताजी व्यालेली गाय लावून दिली आणि ते वासरू पाजायला पहिला महिनाभर रोज सायकलने गेले. मोटार अंगणात उभी असे. पुलाच्या चढावर ते उतरत आणि सायकल ढकलत. येणारे-जाणारे पाहत आणि हसत. हिरवी मोटार घरी ठेवून लंगडत सायकल ढकलणारा माणूस ही हसण्यासारखी गोष्ट होतीच. काहींना ती हसण्यासारखी वाटली नाही. सहा मैलांपलीकडच्या लोकांना डॉक्टर आता सांगत, “माझ्यानं येनं हुनार न्हाई, दवाखान्याच्या साहेबाला बोलवा.” जीप घेतली असती तर ते आले असते, हे त्या लोकांना माहीत होते. एकाने तोंडावर सांगितले, “डाक्टर, तुमची हौस आमच्या जनावरांच्या जिवावर.” त्यांनी ते खोडून काढले नाही. “खरं हाय तुमचं,” एवढेच म्हणाले. मला तेव्हा वाटले होते आणि आजही वाटते, की तो माणूस चुकीचे बोलत नव्हता.

घोडेगावच्या बाजारात त्यांच्या नावाला काय झाले, तेही नोंदवायला हवे. मी तिथे हे बोलणे ऐकले.

“सात खोडींची गाडी घेनाऱ्याला बैलातलं काय कळतंय?”

“सातबी ठाऊक हायेत ना त्याला? मग त्यालाच इचारायचं.”

दोन्ही बाजूंना माणसे होती. विचारायला येणारे थोडे कमी झाले, पण थांबले नाहीत.

त्या वर्षी पाऊस नीट झाला नाही. पुढचे वर्षभर मी जे पाठवले ते बहुतेक विहिरींबद्दल, खडी फोडण्याच्या कामांबद्दल आणि गुरांच्या छावण्यांबद्दल होते. एका छावणीत डॉक्टर विनामोबदला सकाळ-संध्याकाळ जात. छावणी गावालगतच होती, तेवढे गुडघ्याला जमत होते. शेकडो जनावरांत फिरताना ते दावणीला उभ्या माणसाला विचारत, “नाव काय?” आणि थांबत. कधी तो माणूस म्हणे, “नाव न्हाई ठेवलं, डाक्टर.” तेव्हा ते तिथल्या तिथे एखादे नाव ठेवत आणि मग हात लावत. मी त्यावर बातमी केली होती. संपादकांनी ती छापली नाही; त्या दिवशी जागा नव्हती.

गाडी ते फक्त रविवारी काढत. प्रार्थनेनंतर सुमतीबाईंना घेऊन कुठेतरी जात. कुठे, ते कोणी विचारत नसे, कारण बहुधा ते ठरलेल्या ठिकाणी पोचत नसत. राहुरीच्या रस्त्याला, कालव्याच्या कडेला, लिंबाखाली दोघे बसलेले लोकांना दिसत. सुमतीबाई वह्या बरोबर नेत. त्यांचा तपासायचा गठ्ठा रविवारी पुरा होऊ लागला, असे त्या सांगत. त्यांच्या बाजूचे दार काथ्याने बांधलेले असे. एकदा मी त्यांना विचारले, त्रास होत नाही का. त्या म्हणाल्या, “तीस वर्षं जेवताना कोणीतरी हाक मारायचं आणि हे उठून जायचे. आता गाडी बंद पडली की तासभर तरी यांना जाता येत नाही.”

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये माझी बदली झाली. निघालो तो रविवार होता. श्रीरामपूरला असलेल्या बेलापूर स्टेशनवरून मला रेल्वे पकडायची होती. कोल्हारहून श्रीरामपूरची एस.टी. पकडली आणि सामान मागच्या सीटवर ठेवून तिथेच बसलो. आदल्या दिवशी डॉक्टरांच्या घरी जाऊन सलाम करून आलो होतो, त्यामुळे निरोप घ्यायचा राहिला नव्हता. बस भरलेली होती. बहुतेक माणसे दुष्काळी कामावर जाणारी, हातात पाट्या आणि भाकरीची फडकी.

गाव मागे पडल्यावर मैलभराने मागून हॉर्न आला. ड्रायव्हरने आरशात पाहिले आणि एक शिवी हासडली, पण बस बाजूला घेतली. हिरवी मोटार शेजारून पुढे गेली. डॉक्टर चाकावर दोन्ही हात घट्ट धरून ताठ बसले होते. डोक्यावर काही नव्हते आणि केस उभे राहिले होते. सुमतीबाईंनी पदर डोक्यावरून घेऊन दातांत धरला होता. त्या हसत होत्या की पदर धरल्यामुळे तसे दिसत होते, ते सांगता येत नाही. बसमधली माणसे उठून खिडकीशी आली. “डाक्टर! डाक्टर!” असा एकच गलका झाला. एका म्हातारीने विचारले, “कुनाची गाय आडली ग?” कोणीतरी सांगितले, “कुनाची न्हाई. आसंच निघाल्यात.” म्हातारी “आसंच?” म्हणाली आणि खाली बसली.

डॉक्टरांनी बसकडे पाहिले नाही. बाभळेश्वरला आमची बस श्रीरामपूरकडे वळली. ते सरळ राहात्याच्या बाजूला गेले. मी मागच्या काचेतून शेवटचे पाहिले तेव्हा गाडी चालू होती.